घरांतील यंत्रें : सूची हरवली, गीताई नव्हे

गेल्या वैशाखांत कांहीं कामानिमित्त वर्ध्यास जाणें झालें. उतरण्याची सोय रामनगरांतील एका जुन्या स्नेह्यांकडे होती. घर तीन पिढ्यांचें, माणसांनीं भरलेलें. सकाळच्या चहाला आठ माणसें एकत्र बसतात आणि आठांनाहि एकाच वेळीं बोलावयाचें असतें. अशा घरांत पाऊल टाकतांच शांतता आढळली, तर कांहीं तरी बिनसलें आहे असें समजावें. त्या दिवशीं तशी शांतता होती. विचारपूस करतां कळलें कीं, आजींचें गाणीं वाजविण्याचें यंत्र तीन दिवसांपासून मुकें झालें असून त्याचा दोष धाकट्या नातवाच्या माथीं आला आहे.

यंत्र तें केवढें, तर तपकिरीच्या डबीहून थोडें मोठें. त्याला चार बटनें, बोटभर पडदा आणि पोटांत नखाएवढें मेमरी कार्ड. आतां प्रत्येकाच्या हातीं फोन असतां असें निराळें यंत्र कोण वापरतो, असें कोणी विचारील. वृद्ध माणसें वापरतात. फोनच्या गुळगुळीत कांचेवर बोट कोठें ठेवावें हें ज्यांना दिसत नाहीं, आणि मध्येंच कोणाची हांक येऊन पाठ तुटला तर तो पुन्हां लावणें ज्यांना जमत नाहीं, त्यांना हाताला लागणारीं बटनें फार सोयीचीं पडतात. या घरांतील आजींचें वय ब्याऐंशी. दृष्टि अधू झाल्यामुळें त्यांची पोथी मिटली. तेव्हांपासून पहाटे पांच वाजतां देवघरासमोर बसून त्या या यंत्रावर गीताई ऐकतात.

गीताई आणि वर्धा यांचें नातें वाचकांस ठाऊकच आहे. विनोबांनीं गीतेचें हें समश्लोकी मराठी रूप ७ ऑक्टोबर १९३० रोजीं वर्ध्यास लिहावयास घेतलें व पुढच्या फेब्रुवारींत पुरें केलें. १९३२ सालीं ते धुळ्याच्या तुरुंगांत असतां तें प्रथम छापून निघालें. गोपुरीच्या गीताई मंदिरांत तिचे श्लोक शिळांवर कोरून ठेवले आहेत. आजींच्या यंत्रांतील गीताई मात्र बाजारांतून आणलेली नव्हती. ती त्यांच्या यजमानांच्या आवाजांतील होती. आजोबांना जाऊन सहा वर्षें झालीं. जाण्यापूर्वीच्या चातुर्मासांत थोरल्या नातीनें त्यांचा पाठ आपल्या फोनवर, एका दिवशीं एक अध्याय याप्रमाणें, उतरवून घेतला होता. पुढें नात लग्न होऊन परदेशीं गेली, फोन विकला गेला, आणि त्या आवाजाचा ठाव म्हणून एवढें कार्ड मागें राहिलें. घरांतील शांततेचें कारण आतां वाचकांच्या ध्यानीं येईल.

घडलें तें असें. नातवानें बॅटरी भरण्यासाठीं यंत्र संगणकास जोडलें. पडद्यावर नवें फर्मवेअर आल्याची सूचना दिसली. नवें तें चांगलें, या तरुणपणच्या श्रद्धेनें त्यानें होकार दिला. यंत्र बंद होऊन पुन्हां चालू झालें, 'गाणीं शोधीत आहे' अशी पाटी आली आणि ती तशीच राहिली. अर्ध्या तासानें त्यानें तें बंद करून पुन्हां लावलें. पुन्हां तीच पाटी. कार्डांत एकहि गाणें दिसेना. तेव्हां शेजारच्या एका जाणत्यानें सल्ला दिला कीं, कार्ड फॉरमॅट करावें म्हणजे यंत्र ताळ्यावर येईल. नातवाचें बोट बटनापर्यंत गेलेंहि होतें. इतक्यांत थोरल्या सूनबाईंनीं, "आधीं हें कोणाला तरी दाखवूं," असें म्हणून यंत्र काढून घेतलें आणि कपाटांत बंद केलें. त्या कुलुपानेंच पुढचें सर्व काम सोपें झालें.

आतां हें फर्मवेअर म्हणजे काय, तें थोडक्यांत पाहूं. यंत्राच्या पोटांत एक आज्ञावली कायमची बसविलेली असते. बटन दाबलें असतां काय करावें, कार्ड कसें वाचावें, नांवें कोणत्या क्रमानें मांडावीं, हें सर्व तिच्यांत लिहिलेलें असतें. कारखानदार तींत वेळोवेळीं सुधारणा करून नवी आवृत्ति पाठवितो, तिलाच अपडेट म्हणतात. पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तींत जुनीं मुद्रणदोषाचीं स्थळें दुरुस्त होतात आणि एखादें नवें शिरतें, तसाच हा प्रकार आहे.

आज्ञावलींतील एवढासा दोष केवढा गोंधळ घालतो, याचें एक प्रसिद्ध उदाहरण सांगण्यासारखें आहे. अमेरिकेंतील मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २००६ सालीं 'झून' नांवाचें गाणीं वाजविण्याचें यंत्र बाजारांत आणलें. त्यांपैकीं ३० गिगाबाइटचीं यंत्रें ३१ डिसेंबर २००८ रोजीं ठिकठिकाणीं एकाएकीं गोठलीं. तीं चालू होत, पण पुढें सरकत नसत. २००८ हें लीप वर्ष, आणि तो त्याचा ३६६ वा दिवस. घड्याळ सांभाळणाऱ्या आज्ञावलींत वर्षाचे दिवस मोजण्याचा नियम होता; परंतु लीप वर्षीं नेमका ३६६ वा दिवस आला तर मोजणी कोठें थांबवावी, हें लिहावयाचें राहून गेलें होतें. यंत्र तोच हिशेब पुन्हां पुन्हां करीत बसलें. अधिक मास आणि क्षयतिथि लीलेनें सांभाळणाऱ्या आपल्या पंचांगकर्त्यांना याचें हंसूं येईल. कंपनीनें उपाय सांगितला तो असा कीं, बॅटरी पूर्ण उतरूं द्यावी, आणि १ जानेवारीला ग्रिनिचच्या वेळेप्रमाणें दुपारचे बारा, म्हणजे आपल्याकडील सायंकाळचे साडेपांच, वाजून गेल्यावर ती भरून यंत्र लावावें. दिवस पालटतांच यंत्रें चालूं लागलीं. ज्यांनीं त्या एका दिवसांत यंत्र उघडून ठोकपीट केली असेल, त्यांनीं मात्र स्वतःच्या हातानें नुकसान करून घेतलें असणार.

तात्पर्य, यंत्र मुकें झालें कीं पहिला उपाय म्हणजे हात आंवरणें. त्यांतूनहि फॉरमॅट या शब्दापासून दूर राहावें. हें दूर राहणें कां आवश्यक, तें समजण्यासाठीं एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. ग्रंथालयांत पुस्तकें असतात आणि पुस्तकांची सूची असते. सूची फाटली म्हणून कपाटांतील पुस्तकें नाहींशीं होत नाहींत; फक्त कोणतें पुस्तक कोठें आहे तें सांपडत नाहीं. गाणीं वाजविणारें यंत्रहि आपल्यापुरती एक सूची करून ठेवतें. नवें फर्मवेअर आलें म्हणजे बहुधा जुनी सूची टाकून देऊन तें नवी करावयास बसतें. तें काम अडलें तर पडद्यावर 'गाणीं नाहींत' असें दिसतें. त्याचा अर्थ 'मला सूची करतां आली नाहीं' एवढाच घ्यावयाचा. फॉरमॅट केल्यानें मात्र खुद्द कार्डावरील नोंदवही पुसली जाते, आणि त्यानंतर कार्डावर नवें कांहीं लिहिलें गेलें कीं जुनें त्याखालीं कायमचें गाडलें जातें. चुकून फॉरमॅट झालेंच, तर कार्ड तत्काळ बाजूस काढून त्यावर अक्षरहि लिहूं नये. तशा स्थितींत जाणत्या माणसाला पुष्कळ वेळां मजकूर परत मिळवितां येतो.

आम्हीं प्रथम यंत्र बंद करून कार्ड बाहेर काढलें. लहान कार्ड ज्या मोठ्या खोळींत घालून संगणकास लावतात, त्या खोळीच्या कडेला एक बारीक खिटी असते. ती खालीं सरकविली कीं संगणक कार्ड केवळ वाचतो, त्यावर लिहीत नाहीं. ही खिटी बहुतेकांच्या घरीं असते आणि बहुतेकांना ठाऊक नसते. ती सरकवून कार्ड लावतांच संगणकानें 'कार्डांत दोष आहे, दुरुस्त करूं काय' असें विचारलें. त्याला नकार दिला. दुरुस्ती प्रत घेतल्यानंतर करावी, आधीं करूं नये. फोल्डर उघडलें आणि अठराहि अध्याय ओळीनें दिसले. नातू तीन दिवसांत प्रथमच हंसला.

परंतु प्रत घेऊं लागतांच दहा अध्याय सुरळीत उतरले आणि अकराव्यावर काम अडलें. संगणक बराच वेळ घुटमळला व ही फाइल वाचतां येत नाहीं असें म्हणाला. ती सोडून पुढें गेलों, तों बाराव्यापासून अठराव्यापर्यंत सर्व नीट आले. म्हणजे कार्डाची एक जागा खराब झाली होती, आणि ती नेमकी विश्वरूपदर्शनाच्या अध्यायांत. आमचा तर्क असा झाला कीं, जुनी आज्ञावली सूची करतांना फाइलीचा आरंभ तेवढा पाहत असावी. नवी शेवटापर्यंत जाऊन पाहते. गाण्याचें नांव सांगणारी जुन्या पद्धतीची चिठ्ठी फाइलीच्या अगदीं शेवटीं असते, हें तर प्रसिद्धच आहे. ती वाचावयास जातां जातां यंत्र त्या खराब जागेवर अडखळत होतें. तर्काची परीक्षाहि सोपी होती. बाजारांतून नवें कार्ड आणलें, त्यावर सतरा अध्याय उतरविले आणि यंत्रांत घातलें. अर्ध्या मिनिटांत सूची झाली, आणि दिवाणखान्यांत आजोबांचा आवाज उमटला. कोणी बोललें नाहीं. थोरल्या सूनबाई उठून आंत गेल्या.

राहिला अकरावा. न वाचतां येणारी जागा सोडून उरलेलें उचलून घेणाऱ्या आज्ञावल्या असतात. त्यांपैकीं एक लावून पाहिली. पंचावन्न श्लोकांपैकीं पहिले तीस हातीं लागले, पुढें खरखर. आतां हें आजींना कसें सांगावें, याची कुजबुज चालली होती. शेवटीं त्यांचे थोरले चिरंजीवच देवघरांत गेले आणि म्हणाले, "आई, सर्व मिळालें, पण अकराव्या अध्यायाचा शेवट गेला."

आजी म्हणाल्या, "तो आज कोठें गेला? दोन वर्षें झालीं. तिसाव्या श्लोकाशीं यांचा आवाज तुटतो आणि यंत्र बाराव्यावर जातें. मी तेथें बटन दाबून थांबवितें, राहिलेले पंचवीस श्लोक आपल्या तोंडानें म्हणतें आणि मग पुढें सोडतें."

"मग आम्हांला सांगितलें कां नाहीं?"

"सांगितलें असतें तर कोणी तरी दुरुस्तीला नेलें असतें. दुरुस्त होऊन तें रिकामें परत आलें असतें तर?"

यावर उत्तर देण्यासारखें आम्हां कोणाजवळच कांहीं नव्हतें. ज्या दोषाचा शोध लावावयास आम्ही दुपारभर खपलों, तो आजींना प्रथमपासून ठाऊक होता. तीन दिवसांत घरांतील एकानेंहि त्यांना विचारलें नव्हतें, आणि मींहि नाहीं. यंत्र बिघडलें कीं आपण तें ज्याला त्याला दाखवितों. जो तें रोज हातीं धरतो, त्याला मात्र, त्याला काय कळतें, असें समजून वगळतों. वैद्य रोग्याला विचारल्यावांचून औषध देत नाहीं. यंत्राच्या बाबतींतहि पहिला प्रश्न, 'हें पूर्वीं कधीं अडखळत होतें काय, आणि कोठें,' हाच असावयास पाहिजे, आणि तो रोज वापरणाऱ्यालाच विचारला पाहिजे.

नातवानें सुचविलें, "आजी, ते पंचवीस श्लोक तूच म्हण, मी उतरवून घेतों." आजी प्रथम नको म्हणाल्या, यांच्या आवाजाला माझा आवाज कशाला जोडतां, असें त्यांचें म्हणणें. परंतु दुसऱ्या दिवशीं पहाटे त्यांनींच नातवाला उठविलें. आजोबांच्या फाइलीस हात न लावतां आजींचे श्लोक निराळ्या फाइलींत ठेवले आणि त्यांना क्रमांक दिला, ११-क. आतां यंत्र तेथें घुटमळत नाहीं.

वाचकांपैकीं ज्यांच्याकडे अपडेटनंतर अशा अडचणी आल्या असतील, त्यांच्यासाठीं आणखी कांहीं सूचना देतों.

प्रत घेतांना कोठेंहि अडथळा आला नाहीं, तरीहि यंत्र सूची करीत नसेल, तर दोषी फाइल शोधण्याची एक जुनी युक्ति आहे. रिकाम्या कार्डावर निम्मीं गाणीं घालावीं. तीं वाजलीं तर दोष उरलेल्या निम्म्यांत आहे. मग त्यांचे निम्मे, पुन्हां त्यांचे निम्मे, असें करीत गेलें तर हजार गाण्यांतील एक सदोष गाणें दहाएक खेपांत सांपडतें.

गाण्यांचा क्रम बिघडणें ही सर्वांत सामान्य तक्रार. पहिल्या अध्यायामागून दुसरा न येतां दहावा, अकरावा येऊं लागतो. याचें कारण यंत्र संख्या न पाहतां डावीकडून एक एक अंक पाहतें, आणि १० मधील १ हा २ च्या आधींचा ठरतो. नांवें ०१, ०२ अशीं दोन अंकीं दिलीं कीं हें थांबतें. इतक्यानेंहि न सुधारल्यास समजावें कीं, यंत्र फाइलीचें नांव सोडून आंतील चिठ्ठीवरचा क्रमांक पाहत आहे, किंवा ज्या क्रमानें फाइली कार्डावर उतरविल्या तोच धरून चाललें आहे. अशा वेळीं कार्ड रिकामें करून एक एक अध्याय ओळीनें उतरवावा. अर्थात् संगणकावर प्रत असल्याची खात्री करूनच.

देवनागरी नांवांच्या जागीं चौकोन दिसूं लागले तर घाबरूं नये. नव्या आवृत्तीनें भाषेची निवड मूळपदावर नेली असेल, ती पुन्हां करावी. आवृत्तींत देवनागरी अक्षरेंच नसतील तर नांवें रोमन लिपींत देण्यावांचून गत्यंतर नाहीं. नांवें अर्धवट तुटत असतील तर दोष त्या शेवटच्या चिठ्ठीचा असूं शकतो. तिची एकंदर लांबी १२८ बाइट, आणि गाण्याच्या नांवाला तींत अवघ्या ३० बाइटांची जागा. युनिकोडच्या युटीएफ-८ पद्धतीनें देवनागरीचें एक चिन्ह ३ बाइट घेतें, म्हणजे काना-वेलांटी धरून दहा चिन्हांतच नांव आटोपतें. नांवें आंखूड ठेवावीं हें बरें.

संगणकाला यंत्र दिसेनासें झालें तर आधीं केबल बदलून पाहावी. पुष्कळ केबलींत केवळ बॅटरी भरण्याच्या तारा असतात, मजकूर नेण्याच्या नसतात. यंत्र अगदींच गोठलें तर चालू करण्याचें बटन दहा-पंधरा सेकंद दाबून धरावें. कांहीं यंत्रांत त्यासाठीं टांचणीनें दाबावयाचें छिद्र असतें. अपडेट करावयाचेंच, तर बॅटरी पूर्ण भरून, यंत्राच्या मागील क्रमांक ताडून, आणि कार्ड बाहेर काढून ठेवून करावें. वर्ध्याच्या उन्हाळ्यांत आणखी एक जपणूक पाहिजे. लिथियम बॅटरी साधारणतः ४५ अंशांपलीकडील उष्णतेंत भरूं नये, आणि वैशाखांत दुपारीं खिडकीशीं ठेवलेलें यंत्र ती मर्यादा सहज ओलांडतें. असलीं कामें सकाळीं करावीं.

परतण्याच्या दिवशीं सकाळीं नातवाला घेऊन मगनवाडींतील मगन संग्रहालय पाहिलें. हें संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ रोजीं गांधीजींच्या हस्तें उघडलें. तेथील चरखे पाहतांना १९२९ सालच्या एका स्पर्धेची आठवण झाली. चरखा संघानें उत्तम चरख्याच्या शोधाबद्दल एक लाख रुपयांचें बक्षीस जाहीर केलें होतें. अटी अशा कीं, किंमत दीडशें रुपयांपेक्षां अधिक नसावी, नीट निगा राखल्यास तो वीस वर्षें चालावा, आणि झिजलेले भाग बदलण्याचा खर्च वर्षाला किंमतीच्या शेंकडा पांचांवर जाऊं नये. तें बक्षीस कोणालाहि मिळालें नाहीं. नातू म्हणाला, "या कसोटीला आपलें यंत्र लावलें तर?" तें उतरणार नाहीं, हें उघड आहे. चरखा अडला तर कांतणारा तो स्वतः उघडून पाहूं शकतो. या यंत्राची आज्ञावली दूर कोठें तरी लिहिली जाते आणि आपणांस न विचारतां पालटते. यंत्र आपल्या सत्तेंत नाहीं, ही गोष्ट मान्य करून चालावें. त्यांत ठेवलेली ठेव आपल्या सत्तेंत ठेवणें मात्र आपल्याच हातीं आहे.

म्हणून त्या घरीं आतां गीताईच्या तीन प्रती आहेत : एक संगणकांत, एक निराळ्या कार्डावर घराच्या कागदपत्रांसोबत, आणि एक परदेशीं नातीकडे. कार्डांत मजकूर विजेच्या सूक्ष्म भारांच्या रूपानें राहतो, आणि तें वर्षानुवर्षें पडून राहिलें तर तो भार झिरपूं शकतो. यासाठीं आजोबांच्या तिथीला दरवर्षीं तिन्ही प्रती वाजवून पाहावयाच्या असें ठरलें आहे. वाचकांच्या घरींहि एखाद्या वडील माणसाचा आवाज एकाच यंत्रांत अडकलेला असेल. हा अंक बाजूला ठेवून आजच त्याची दुसरी प्रत घ्यावी. घेण्यापूर्वीं, तो आवाज घरांत रोज कोण ऐकतें, त्यांना मात्र एक शब्द विचारावा.

पुढील अंकीं इन्व्हर्टरच्या बॅटरीची पावसाळ्यांतील निगा.